एका प्रणालीचे स्वप्न



इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे उभे राहतात, तह आणि लढाया उभ्या राहतात. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे त्यात राजा नाही, तलवार नाही. पण घराणी आहेत, भाऊबंदकी आहे, दिलजमाई आहे आणि एकछत्री राज्याची महत्त्वाकांक्षाही आहे. ही कथा आहे टेबलावरच्या संगणकाची आणि दिवाणखान्यात टीव्हीला जोडायच्या खेळयंत्राची. या खेळयंत्राला मुले गेम कन्सोल म्हणतात. दोहोंच्या पोटात एकच कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नांदावी असा प्रयत्न अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने जवळजवळ पाव शतक चालविला. तो कितपत साधला, कोठे फसला आणि त्या फसण्यात तुमच्या-आमच्यासारख्या गिऱ्हाइकाचे काय गेले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय ते सांगतो. यंत्र विकत आणले म्हणजे त्यात प्रोसेसर असतो, स्मृती असते, पडद्यावर चित्र काढणारी सामग्री असते. परंतु ही सामग्री कोणी, केव्हा आणि किती वापरायची याची व्यवस्था लावणारा एक कारभारी लागतो. हा कारभारी म्हणजे कार्यप्रणाली. पत्र लिहिण्याची, हिशेब ठेवण्याची किंवा खेळ खेळण्याची आज्ञावली सहसा यंत्राशी थेट बोलत नाही. ती या कारभाऱ्यामार्फत बोलते. म्हणून कारभारी बदलला की आज्ञावलीही पुष्कळशी बदलून लिहावी लागते.

आपल्यापैकी वयस्कर मंडळींना मिरज जंक्शन आठवत असेल. १९७१ साली पुणे-मिरज लोहमार्ग रुंद झाला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्या एका स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ येऊन मिळत. एका मापाची गाडी दुसऱ्या मापाच्या रुळावर जाऊ शकत नसे. माल एका डब्यातून उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. त्यात वेळ जायचा, हमाली जायची, नासधूस व्हायची ती वेगळीच. पुढे १९९२ पासून रेल्वेने बहुतेक मार्ग एकाच मापाचे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. कार्यप्रणाली ही त्या रुळाच्या मापासारखी आहे आणि आज्ञावली ही मालगाडीसारखी. संगणकावरचा खेळ खेळयंत्रावर न्यायचा म्हणजे मिरजेला माल उतरवून पुन्हा भरायचा. एकच माप सर्वत्र असावे ही कल्पना कोणालाही पटण्यासारखीच होती. प्रश्न एवढाच, की केवळ माप एक व्हायचे की गाडी, स्टेशन आणि तिकिटाची खिडकीही एकच व्हायची?

मायक्रोसॉफ्टच्या घरातच मुळात दोन शाखा होत्या. पहिली शाखा १९८१ सालच्या डॉस या प्रणालीपासून निघाली. तिच्यावर १९८५ साली विंडोजचे घर चढले आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आले. ही घरगुती शाखा. स्वस्त यंत्रावर चालणारी, खेळकर, पण पाया कच्चा. एखादी आज्ञावली बिघडली तर ती सगळे यंत्रच घेऊन बसे. दुसरी शाखा डेव्हिड कटलर यांची. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत व्हीएमएस नावाची भारदस्त प्रणाली उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८८ साली ते मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि १९९३ साली त्यांच्या हाताखाली विंडोज एनटी तयार झाली. कटलर यांनी एक शिस्त पहिल्यापासून पाळली. एनटी ही कोणत्याही एका प्रोसेसरशी लग्न लावून बसता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. म्हणून बाजारातील सर्वसाधारण संगणकात असणारा प्रोसेसर बाजूला ठेवून, मुद्दाम अगदी निराळ्या जातीच्या प्रोसेसरवर त्यांनी कामाला आरंभ केला. यंत्राच्या लहरी सांभाळण्याचे काम एका पातळ थराकडे सोपविले आणि वरचा गाभा त्यापासून अलिप्त ठेवला. पुढच्या सर्व एकीकरणाचे बीज या शिस्तीत आहे.

या शाखेशी आपल्या मराठीचाही एक धागा जुळलेला आहे. एनटीच्या गाभ्यात आरंभापासून युनिकोड ही अक्षरांची जागतिक संकेतपद्धती स्वीकारलेली होती. त्या पायावर विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि मराठी, हिंदी, संस्कृत, कोकणी या भाषांना प्रणालीतच स्थान मिळाले. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आपले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. घरगुती शाखेत मात्र अशी सर्वांगीण सोय नव्हती. तेथे प्रत्येक फाँटाचा संकेत निराळा. एका यंत्रावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडावे तो पडद्यावर निरर्थक चिन्हांचा खच पडलेला! २००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आली, दोन्ही शाखा एनटीच्या पायावर एक झाल्या आणि कचेरीतला पाया घरात आला. एकीकरण ही नुसती इंजिनियरांची हौस नव्हे, हे मराठी माणसाला पटायला यापेक्षा जवळचे उदाहरण नको.

आता खेळाकडे वळू. डॉसच्या काळात खेळ लिहिणारे कारागीर कारभाऱ्याला बाजूला सारून थेट यंत्राला हात घालीत, कारण खेळाला वेग हवा असतो. विंडोज आली तेव्हा तिने हा हात अडविला आणि खेळ लिहिणारे रुसले. त्यांची समजूत काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टमधील तिघा तरुणांनी, अॅलेक्स सेंट जॉन, क्रेग आयस्लर आणि एरिक एंगस्ट्रॉम यांनी, १९९५ साली डायरेक्टएक्स नावाचा संच पुढे आणला. कारभाऱ्याला न डावलता यंत्रापर्यंत झटपट पोचण्याची ती जणू आडवाट होती. विंडोजवर खेळ रुजले ते या आडवाटेमुळे.

तिकडे दिवाणखान्यात राज्य होते जपानी कंपन्यांचे. १९९८ साली सेगा कंपनीने ड्रीमकास्ट हे खेळयंत्र काढले. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने आपली विंडोज सीई ही धाकटी प्रणाली देऊ केली. पण ती वापरणे ऐच्छिक होते आणि बहुतेक खेळ लिहिणाऱ्यांनी सेगाचीच साधने पसंत केली. दोन वर्षांनी, मार्च २००० मध्ये, सोनीचे प्लेस्टेशन २ आले. हे यंत्र दिवाणखान्यात शिरले तर उद्या घरातला संगणकच मागे पडेल, अशी धास्ती मायक्रोसॉफ्टला ते येण्याआधीच वाटू लागली होती. सीमस ब्लॅकली, केव्हिन बॅकस, टेड हेस आणि ओटो बर्केस या चौघांनी डायरेक्टएक्सवर चालणारे स्वतःचे खेळयंत्र काढण्याची कल्पना मांडली. त्या डायरेक्टएक्सवरूनच पुढे एक्सबॉक्स हे नाव पडले.

येथे या कथेतील पहिला मोठा पेच उभा राहतो. कल्पना मंजूर झाली ती खेळयंत्रातही विंडोजच असेल या आशेवर. काम करता करता कारागिरांच्या ध्यानात आले की संपूर्ण विंडोजचा संसार या चिमुकल्या यंत्राला पेलणारा नाही. त्यात स्मृती ६४ मेगाबाइट, हार्ड डिस्क ८ गिगाबाइट. बटण दाबताच खेळ सुरू झाला पाहिजे. मध्येच छपाईयंत्राची चौकशी नको. त्यांनी विंडोज बाजूला ठेवण्याचे ठरविले. १४ फेब्रुवारी २००० रोजी बिल गेट्स आणि स्टीव्ह बामर यांच्यापुढे ही गोष्ट आली तेव्हा गेट्स विलक्षण संतापले, असे बैठकीला हजर असणाऱ्यांनी पुढे सांगितले आहे. दीर्घ काळ वादावादी चालली. अखेर सोनीला उत्तर काय द्यायचे, या प्रश्नापाशी सर्वांचा राग विरला आणि योजना पुढे गेली.

१५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत एक्सबॉक्स बाजारात आले. त्यातील प्रणाली एनटीच्या वळणाची होती, पण इतकी छाटलेली की तिला विंडोज म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. अनेक वापरकर्ते नाहीत, अनेक आज्ञावल्या नाहीत. एका वेळी एकच खेळ आणि त्याला सगळे यंत्र आंदण. अशी सुमारे २ कोटी ४० लाख यंत्रे खपली. प्लेस्टेशन २ ची मजल १५ कोटींच्या पुढे गेली, पण मायक्रोसॉफ्टचा पाय दिवाणखान्यात पडला तो पडलाच.

यानंतर भावंडे आणखी दूर गेली. २००५ चे एक्सबॉक्स ३६० आयबीएमच्या पॉवरपीसी प्रोसेसरवर बेतलेले होते. त्या जातीची तयार यंत्रे त्या काळी अॅपलकडे होती. त्यामुळे या यंत्रासाठी खेळ लिहिणाऱ्यांना आरंभी अॅपलचेच संगणक देण्याची वेळ मायक्रोसॉफ्टवर आली! थोड्याच वर्षांत फोनची तिसरी चूल मांडली गेली. २०१० चा विंडोज फोन ७ हा सीईच्या पायावर उभा होता. टेबलावर एक माप, खिशात दुसरे, दिवाणखान्यात तिसरे. मिरज जंक्शन पुरते उभे राहिले.

याच सुमारास मूळ विंडोजच्या घरातही आवराआवर चालली होती. विंडोज व्हिस्टाचे काम २००४ साली इतके गुंतले की ते बरेचसे मोडून नव्याने मांडावे लागले. कोणता भाग कोणावर अवलंबून आहे हेच कोणाला नीट सांगता येईना. जुन्या वाड्यात एक खांब काढावा आणि कोणती खोली बसेल याचा भरवसा नसावा, तसे झाले. तेव्हा काही इंजिनियरांनी विंडोजचा अगदी आतला, स्वतःच्या पायावर उभा राहू शकणारा गाभा वेगळा काढण्याचे काम हाती घेतले. त्याला ते मिनविन म्हणत. २००७ साली एरिक ट्राउट यांनी इलिनॉय विद्यापीठात त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. संपूर्ण व्हिस्टा सुमारे ४ गिगाबाइटची, तर हा गाभा सुमारे २५ मेगाबाइटचा. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरणारे नव्हते, त्यावर जाहिरात झाली नाही. पण एकीकरण शक्य झाले ते या घरझाडणीमुळे. २०१२ साली फोनची प्रणाली सीई सोडून एनटीच्या गाभ्यावर आली.

आणि २०१३ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्स वन आले. त्याची प्रणाली रचण्याच्या कामात पुन्हा डेव्हिड कटलर होते, वयाच्या सत्तरीत! त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली तोड शांतपणे समजून घेण्यासारखी आहे. तळाशी एक लहानसा पहारेकरी बसविला. त्याने यंत्राचे दोन कप्पे केले. एका कप्प्यात विंडोजच्या घराण्यातील प्रणाली. मेनू, दूरदृश्य संभाषण, चित्रपट वगैरे कामे तिच्याकडे. दुसरा कप्पा केवळ खेळाचा, आणि त्या कप्प्यातील छोटी प्रणाली खेळासोबतच येणारी. ८ गिगाबाइट स्मृतीपैकी ५ खेळाला, ३ बाकीच्या संसाराला. असे का केले? संगणकाचा गुण हा की तो बदलतो, आणि खेळयंत्राचा गुण हा की ते बदलत नाही. आज घेतलेला खेळ पाच वर्षांनी तसाच चालला पाहिजे. बदलणारा भाग एका भिंतीआड आणि न बदलणारा भाग दुसऱ्या भिंतीआड, अशी ही वाटणी होती. एकत्र कुटुंब टिकते ते प्रत्येकाला स्वतःची खोली दिल्यामुळे, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

तंत्राची ही बाजू अशी निर्वेध जमत असता दुसरीकडे मात्र ठिणगी पडली होती. २०१३ च्या जूनमध्ये कंपनीने सांगितले की या यंत्राने दर २४ तासांनी एकदा इंटरनेटवर हजेरी लावली पाहिजे, आणि खेळाची तबकडी दुसऱ्याला देण्या-विकण्यावरही बंधने राहतील. लोक खवळले. आपण विकत घेतलेले पुस्तक शेजाऱ्याला वाचायला देऊ नये असे प्रकाशकाने सांगावे, तसेच हे झाले. दोन आठवडे उलटले न उलटले तोच कंपनीला माघार घ्यावी लागली. यंत्र कोणाचे, विकणाऱ्याचे की घेणाऱ्याचे, हा या सबंध इतिहासाच्या तळाशी असलेला प्रश्न त्या वेळी प्रथम उघडपणे विचारला गेला.

२०१४ च्या फेब्रुवारीत हैदराबादेत जन्मलेले सत्या नाडेला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झाले आणि त्याच जुलैमध्ये त्यांनी जाहीर केले की विंडोजच्या तीन प्रणालींची यापुढे एकच प्रणाली होईल, लहानमोठ्या सर्व पडद्यांसाठी. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली आणि १२ नोव्हेंबर २०१५ रोजी तीच एक्सबॉक्स वनच्या त्या पहिल्या कप्प्यात जाऊन बसली. टेबल, फोन आणि खेळयंत्र या तिन्हींखाली एकच गाभा आला. त्याला वनकोअर असे नाव होते. कटलर यांच्या १९८८ सालच्या शिस्तीचे फळ २७ वर्षांनी हाती आले. इंजिनियरांच्या दृष्टीने हा विजयच होता.

परंतु कंपनीला एवढ्यावर समाधान नव्हते. तिने गाभ्यावर सर्वांसाठी एकच मंचही उभारला. एकदा लिहिलेली आज्ञावली सर्व यंत्रांवर चालावी आणि ती प्रामुख्याने कंपनीच्याच दुकानातून विकली जावी, ही त्यामागची योजना. तीन वर्षांच्या आत शंभर कोटी यंत्रांवर विंडोज १० नेण्याचा संकल्प सोडला गेला. येथेच गाडे अडले.

का अडले, याचे कारण व्यापाराच्या रीतीत आहे. खेळयंत्र बहुधा अत्यल्प नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकले जाते आणि पैसा वसूल होतो तो विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे. म्हणून त्याच्या दारावर पहारा असतो. कंपनीची मोहोर नसलेली आज्ञावली आत जाऊ शकत नाही. संगणकाची परंपरा याच्या अगदी उलट. तेथे कोणीही आज्ञावली लिहावी, कोणीही ती कोणालाही द्यावी. एकच मंच म्हटल्यावर, खेळयंत्राचा पहारा संगणकाच्या दाराशी येऊन बसणार की काय, अशी शंका खेळ लिहिणाऱ्यांना आली. २०१६ च्या मार्चमध्ये एपिक कंपनीचे टिम स्वीनी यांनी ब्रिटनमधील गार्डियन पत्रात जाहीर लेख लिहून या मंचाला विरोध केला. नव्या मंचावर आलेल्या पहिल्या काही खेळांत नेहमीच्या सोयी नव्हत्या, याचीही ओरड झाली. कंपनीने एकेक खुलासे केले, सुधारणाही केल्या. पण गेलेला विश्वास खुलाशांनी परत येत नाही.

सर्वांत मोठा फटका बसला तो फोनच्या गिऱ्हाइकांना. विंडोज फोन ७ घेतलेल्यांना ८ मिळाली नाही, कारण पाया बदलला होता. ८ घेतलेल्यांपैकी अनेकांना १० मिळाली नाही. २०१५ साली कंपनीने नोकियाच्या फोनव्यवसायाच्या खरेदीपोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले आणि २०२० उजाडता उजाडता हे फोन निराधार झाले. तीन खोल्यांच्या वाड्यातील एक खोलीच गेली म्हटल्यावर, सर्वांसाठी एकदाच लिहा, या उपदेशाला काय अर्थ उरला? शंभर कोटींचा आकडा गाठला गेला, पण २०२० च्या मार्चमध्ये, ठरल्या मुदतीनंतर. त्याआधीच, २०१९ च्या मे महिन्यात, कंपनीने आपले खेळ वॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या दुकानातही ठेवण्याचे जाहीर केले आणि जुन्या पद्धतीने लिहिलेल्या खेळांना स्वतःच्या दुकानाचे दार उघडले. एकच खिडकी ठेवण्याचा हट्ट सुटला.

मग सारेच वाया गेले काय? तसे मुळीच नाही. २०१६ पासून कित्येक खेळ एकदा विकत घेऊन खेळयंत्र आणि संगणक या दोहोंवर खेळता येऊ लागले. २०२० च्या एक्सबॉक्समधील चित्रणाची आणि जलद वाचनाची तंत्रे पुढे संगणकावर आली. पायाची एकी टिकली. फसली ती दाराची एकी.

याच इतिहासाची एक उलटी बाजूही घडली. २०१२ साली विंडोज ८ च्या दुकानाची धास्ती घेऊन वॉल्व्हने लिनक्स या मुक्त प्रणालीची कास धरली. २०१५ साली तिच्यावर चालणारी दिवाणखान्यातील यंत्रे बाजारात आली आणि साफ पडली, कारण त्यांच्यासाठी खेळच पुरेसे नव्हते. वॉल्व्हने हट्ट सोडला नाही, पण वाट बदलली. सर्वांनी आमच्यासाठी नव्याने लिहा असे न म्हणता, विंडोजसाठी लिहिलेला खेळच लिनक्सवर चालावा असा दुभाषा तयार केला. २०१८ साली हा दुभाषा आला, प्रोटॉन त्याचे नाव. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत हातात धरायचे स्टीम डेक बाजारात आले. ते बसल्या जागी खेळयंत्र आहे आणि पडद्याला जोडले तर संगणक आहे. मालकाला हवी ती आज्ञावली, किंबहुना हवी ती प्रणालीही, त्यात घालता येते. २०२५ च्या ऑक्टोबरात असूस आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एक्सबॉक्सच्या नावाचे हातातले यंत्र काढले. त्यात विंडोज ११ आहे, पण सुरू होताना ते संगणकाचा पसारा बाजूला ठेवून खेळयंत्राचा वेश घेते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या विंडोजला कारागिरांनी खेळयंत्रातून बाहेर काढले होते, ती अशी वळसा घालून परत आली.

श्रोतेहो, या कथेतून मी एवढेच घेतो. रुळाचे माप एक झाले याचे कोणाला दुःख नाही. मिरजेच्या फलाटावर माल उतरवण्याचे दिवस परत यावेत असे कोण म्हणेल? पण मापे एक करण्याचा एवढा मोठा कार्यक्रम झाला, तरी नेरळहून माथेरानला जाणारी गाडी आजही दोन फुटी रुळांवरूनच चढते. त्या वळणांना तेच माप शोभते, आणि ते मोडून तेथे ब्रॉडगेज टाकावा असे कोणी म्हटले नाही. एकी कोठवर न्यायची आणि कोठे थांबवायची, हे ठरवताना डोंगराला विचारावे लागते आणि प्रवाशालाही विचारावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या इंजिनियरांनी डोंगराला विचारले, म्हणून त्यांचा गाभा टिकला. व्यापाऱ्यांनी प्रवाशाला विचारले नाही, म्हणून त्यांची खिडकी ओस पडली. उद्या तुमच्या घरी सर्व यंत्रे एक करून देतो असे सांगत कोणी आला, तर त्याचे स्वागत अवश्य करा. फक्त किल्ली कोणाच्या खिशात राहणार, एवढे त्याला आधी विचारा.